पार्किन्सन्स, व्यायाम आणि रात्रीची झोप: तुमच्या घरी काय चालतं?

सावली

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदा काढतेय. योग्य विभागात नसेल तर संपादकांनी हलवावा.

यांना (वय ६९, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त) पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली. दिवसाचं तंत्र आम्हाला आता जमलंय. उजव्या हाताचा कंप, पाय घासत चालणं, शर्टाच्या बटणांशी झटापट, सगळं अंगवळणी पडलं. रात्र काही जमत नाही. साडेदहाला आडवे झाले की लगेच डोळा लागतो, पण एक-दीडला जाग येते ती पहाटेपर्यंत. कूस बदलता येत नाही म्हणून मला हाक मारतात. मध्ये लघवीला उठणं असतंच. पहाटे कधीकधी झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. मागे एकदा माझ्या दंडावर असा बुक्का बसला की काळंनिळं झालं, आणि सकाळी चहा पिताना हेच मला विचारतात, "कुठे आपटलीस गं?" मग दिवसभर खुर्चीत पेंगणं.

डॉक्टर म्हणाले, "व्यायाम वाढवा, झोप सुधारेल." बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. आमचा व्यायाम म्हणजे रात्री जेवल्यावर गल्लीत शतपावली आणि मनात आलं तर सकाळी आमराईत एक फेरी (आम्ही सांगलीकर). व्यायामाने खरंच झोप लागते का, की हे सगळ्याच पेशंटना सांगायचं ठरलेलं वाक्य आहे? कोणता करायचा, किती, कधी? झोपेच्या गोळीला माझं मन घेत नाही, आधीच यांचा तोल जातो.

घाटवाट

आमच्याकडे सासऱ्यांचं हुबेहूब हेच. काही सुचवण्याइतकं ज्ञान नाही, पण धागा वाचनखुणेत टाकलाय.

हाडवैद्य

आयडी काहीही असला तरी मी रीतसर फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पार्किन्सन्सचे बरेच असतात.

सावलीताई, वाक्य ठरलेलं आहे हे खरं, पण पोकळ नाही. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅममधल्या गटाने २०२० साली यावर नीट केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पार्किन्सन्सचे ५५ जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाकडून १६ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. त्यात वजनं होती आणि मधूनमधून दम लागेल असे वेगाचे प्रकार होते. दुसऱ्या गटाला झोपेच्या चांगल्या सवयी समजावून दिल्या. आधी आणि नंतर डोक्याला तारा लावून रात्रभराची झोप मोजली. व्यायामवाल्यांचा बिछान्यात पडून राहण्यातला फुकट जाणारा वेळ कमी झाला, मधली जाग कमी झाली आणि गाढ झोप वाढली.

आता "दम लागेल असे" हे शब्द परत वाचा. शतपावली त्यात बसत नाही. शतपावली चालू ठेवा, पचनाला चांगली, पण तिला व्यायामाच्या खात्यात धरू नका.

करायचं काय? खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा वर-खाली, भिंतीवर हात टेकून जोर, एक पायरी चढणं-उतरणं, आणि मुद्दाम मोठी पावलं टाकत, हात जोरात हलवत चालणं. या आजारात हालचाल आपोआप आखडत जाते आणि पेशंटला वाटतं आपण व्यवस्थितच हात हलवतोय. म्हणून "मोठं, अजून मोठं" असं कुणीतरी शेजारून सांगावं लागतं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागायला हवा. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यामागे लागू नका. पार्किन्सन्समध्ये हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसांवरही परिणाम झालेला असू शकतो, आणि बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्यामुळे आकडा फसवतो. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी आणि उभं राहिल्यावर बीपी किती उतरतं ते बघून घ्या. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्याला थेट पायऱ्यांवर नेणं म्हणजे हात-पाय मोडून घेण्याची तयारी.

वेळ सकाळची. पहिली गोळी लागू होऊन अंग मोकळं झालं की, म्हणजे बहुतेकांना पाऊण-एक तासाने. गोळी 'ऑफ' असताना, म्हणजे तिचा असर उतरलेला असताना, व्यायाम करायला लावलात तर धड व्यायाम होत नाही, पडण्याची भीती वाढते आणि दुसऱ्या दिवशी माणूस नको म्हणतो.

तिरकस

आकडेवारीची खोड असल्यामुळे दोन शब्द. ५५ म्हणजे फार माणसं नव्हेत. शिवाय ती सगळी सौम्य ते मध्यम टप्प्यातली होती. आपण व्यायाम करतोय की भाषण ऐकतोय हे प्रत्येकाला माहीत होतंच, ते लपवता येत नाही. आणि व्यायामाच्या गटाला आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडायला मिळालं, प्रशिक्षक भेटला, चार माणसं भेटली. त्यातलं नेमकं कशामुळे झोप सुधारली?

हाडवैद्य

>> त्यातलं नेमकं कशामुळे झोप सुधारली?

वेगळं काढून सांगता येत नाही, मान्य. पण झोप नुसती "कशी लागली?" असं विचारून ठरवली नव्हती, यंत्रावर मोजली होती, हे त्या अभ्यासाचं बळ आहे. घराबाहेर पडणं आणि चार माणसं भेटणं हाही औषधाचाच भाग असेल तर माझी काय हरकत? मी तर तेच लिहून देतो.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, न्यूरॉलॉजीत काम करते. इथे कुणाला औषध सांगणार नाही, कुणी मागूही नये.

सावलीताई, तुम्ही एका परिच्छेदात चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय 'व्यायाम वाढवा' हा सल्ला अर्धवट राहतो.

कूस न बदलता येणं: संध्याकाळच्या गोळीचा असर मध्यरात्रीपर्यंत उतरतो आणि अंग ताठतं. व्यायामाने ताठरपणा थोडा सैल होतो, पण रात्रीपुरता डोस मिळतोय का, दीर्घकाळ टिकणारी गोळी हवी का, हे डॉक्टरांनीच बघायचं. शेवटची गोळी किती वाजता आणि जाग किती वाजता, हे काही दिवस वहीत लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर गोष्ट सांगत बसू नका, वही ठेवा. रांग असली तरी वही वाचायला अर्धा मिनिट पुरतो.

लघवी: संध्याकाळनंतर पाणी कमी, पण दिवसाचं पाणी तोडायचं नाही, नाहीतर बद्धकोष्ठ आणि बीपी दोन्ही छळतील. पायांवर सूज असेल तर संध्याकाळी थोडा वेळ पाय उंच ठेवून बसवा. पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि रात्री लघवी वाढवतं. साठीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेटही तपासायला हवं, सगळं खापर पार्किन्सन्सवर फोडू नये.

ओरडणं, लाथा: आपण स्वप्न बघत असतो तेव्हा स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. या आजारात ती ढिलाई नाहीशी होते आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर असं याचं नाव, १९८६ साली मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी त्याचं वर्णन केलं. अनेकांत हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. लग्नानंतर कधीपासून लाथा खाताय, आठवून बघा! हे व्यायामाने थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. यावर औषधं आहेत, पण नेहमी वापरलं जाणारं क्लोनाझेपाम तोल बिघडवतं आणि घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या माणसाला त्रासदायक ठरू शकतं. झोपेच्या गोळीबद्दलची तुमची शंका रास्त आहे, ती तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. औषध ठरेपर्यंत पलंग ठेंगणा करा, बाजूला खाली जाड गादी टाका, काचेचा तांब्या, स्टूल, टोकदार कोपरे लांब. आणि तुम्ही वेगळ्या पलंगावर झोपा. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

दिवसाचं पेंगणं: रात्रीच्या जागरणामुळे असेल, काही गोळ्यांमुळेही असेल. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांनी काहींना बसल्या जागी अचानक झोप लागते. गाडी चालवत असतील तर हे आधी बोला. उलट सेलेजिलीन, अमांटाडीन उशिरा घेतली तर झोप उडते. कुठलीही गोळी परस्पर बंद करायची नाही. लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरचं मुख्य औषध, तर एकदम थांबवलं की जिवावर बेतू शकतं.

निमेगनकर

नेदरलँड्समध्ये राहतो, आई इथेच असते, तिला पार्किन्सन्स आहे. इकडे २००४ पासून 'पार्किन्सननेट' म्हणून जाळं आहे. त्यातले फिजिओ या एकाच आजारासाठी वेगळं शिकलेले असतात. आमच्याच गावच्या रॅडबाउड विद्यापीठ रुग्णालयाचा २०१९ सालचा अभ्यास आहे, १३० जणांना घरी ठेवायची सायकल दिली होती (निम्म्यांना नुसते स्ट्रेचिंगचे प्रकार). सहा महिन्यांनी औषध उतरलेल्या अवस्थेतली तपासणी केली, तर सायकलवाल्यांच्या हालचाली कमी बिघडल्या होत्या. तो झोपेचा अभ्यास नव्हता, पण घरच्या घरी, एकट्याने, दम लागेपर्यंतचा व्यायाम या लोकांना जमतो हे त्यातून दिसलं.

आईची सायकल खिडकीपाशी आहे. इथला हिवाळा काळाकुट्ट, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सकाळच्या उजेडाचा आग्रह धरला. पार्किन्सन्सच्या ३१ जणांवर तेजस्वी दिव्याचा प्रयोग झाला होता, २०१७ साली छापून आला. दिवसातून दोनदा, दोन आठवडे. दिवसाची पेंग कमी झाली आणि झोपही सुधारली. तुम्हाला दिवा विकत घ्यायची गरज नाही, सांगलीत ऊन फुकट आहे. आमराईतली ती "मनात आलं तर" फेरी रोजची करा.

पेटीमास्तर

स्वतः पेशंट. त्यामुळे पलंगाच्या आतल्या बाजूचं सांगतो, ते डॉक्टर आणि फिजिओंना दिसत नाही.

रात्री दोनला जाग येते तेव्हा पहिली जाणीव ही की पांघरूण वजनदार झालंय. सुती चादर, सुती पायजमा, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. कंबर इंचभर हलवायची तर सगळं बिछानंच बरोबर येतं. माझ्या बायकोने जुन्या सॅटिनच्या साडीची घडी करून गादीवर आडवी अंथरली, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढी, आणि दोन्ही कडा गादीखाली घट्ट खोचल्या. त्या दिवसापासून कंबर सरकते. पायांकडे मात्र सुती चादरच हवी, टाच रोवायला पकड लागते. आणि पूर्ण चादर सॅटिनची घालू नका, उठून काठावर बसताना खाली घसराल.

वळायची पद्धत मला शिकवलेली अशी: दोन्ही गुडघे दुमडायचे, तळवे गादीवर टेकवायचे, हातांची बोटं गुंफून हात सरळ छताकडे. मग मान वळवून ज्या बाजूला जायचं तिकडे बघायचं, आणि हात नि गुडघे एकदम तिकडे सोडून द्यायचे. हे दिवसा, गोळी चालू असताना, रोज करून ठेवायचं. रात्री दोनला शिकायला बसलात तर नाही जमणार.

व्यायामाबद्दल: एकट्याने करायचा असता तर मी कधीच सोडला असता. या आजारात उत्साहच आटतो, घरचे त्याला आळस म्हणतात. मला टिकवलं तालाने. केरवा वाजत असला की पाऊल आपोआप उचललं जातं, दारात खिळून बसणारा पाय मात्रा मोजली की सुटतो. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. मुळात न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली असे वर्ग सुरू केले होते. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंट आणि घरचे दोघंही भेटतात. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. सांगलीहून जाणं कठीण, पण फोन करून विचारायला काय हरकत आहे?

जिज्ञासू_७०

आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात आणि खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण देतात. त्याने झोप पण चांगली लागते असं ऐकलंय. दुष्परिणाम शून्य.

रात्रपाळी

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, म्हणून तर तिचा असर दिसतो. तेच रसायन असल्यावर दुष्परिणाम शून्य कसे असतील? मळमळ, बीपी उतरणं, अंगाच्या नको त्या हालचाली, भास, सगळं होऊ शकतं. आणि चमच्यात नक्की किती गेलं ते कळत नाही. आधीच सिंडोपासारखी लेव्होडोपाची गोळी चालू असलेल्या माणसाने वर हे चूर्ण घेणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, एवढं तरी करा.

अवांतर, पण महत्त्वाचं: चक्कर येते म्हणून मेडिकलवाल्याकडून सिनारिझिन किंवा स्टेमेटिल आणून महिनोन्‌महिने खाणारे खूप बघते. या गोळ्यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं उमटू शकतात आणि मुळात आजार असेल तर वाढतात. ओकारीसाठीचं मेटोक्लोप्रमाइडही त्याच पंगतीतलं. घरात जुनी पाकिटं असतील तर बघा.

घाटवाट

सिनारिझिन आमच्या कपाटात आहे!! सासऱ्यांना प्रवासात द्यायचो. उद्याच विचारते.

प्रश्न: ते म्हणतात रात्री पायांत मुंग्या चालल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. हेही पार्किन्सन्सच का?

रात्रपाळी

रेस्टलेस लेग्ज असू शकतं, किंवा गोळीचा असर उतरल्याची अस्वस्थता. रक्तातलं फेरिटिन (त्यावरून लोहाचा साठा कळतो) तपासायला सांगा, लोह कमी असेल तर हा त्रास वाढतो. मध्यम व्यायामाने यात बऱ्याच जणांना आराम पडतो, झोपायच्या तोंडावर केलेल्या जोरदार व्यायामाने मात्र उलटही होतं.

तिरकस

जाता जाता: जेम्स पार्किन्सनने १८१७ साली जो मूळ निबंध लिहिला त्यातसुद्धा झोप मोडण्याचा उल्लेख आहे. दोनशे वर्षं झाली आणि तरीही ओपीडीत "कंप किती?" एवढंच विचारतात. यावर माझी तक्रार आकडेवारीची नाही, सरळ आहे.

सावली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण वही लिहीत होते.

वहीत जे दिसलं ते डोळ्यांदेखत असून कधी लक्षात आलं नव्हतं. रात्रीची गोळी आठला, जेवणाबरोबर, आणि जेवणात बहुतेक वेळा घट्ट वरण नाहीतर अंड्याची भाजी. डॉक्टरांनी वही खरंच वाचली. प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणाच्या आड येतात म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली, डाळ-अंडी दुपारकडे सरकवली आणि झोपताना एक वेगळी गोळी दिली. लाथांचं ऐकून मला म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" आता यावर मी काय बोलणार.

व्यायाम सकाळी नेला. खुर्चीतून उठणं-बसणं हे मोजून करतात, वर्कशॉपची सवय, आकडा पाटीवर लिहितात. मोठ्या पावलांना सुरुवातीला लाजत होते, "परेड करतोय का मी" म्हणून. आता आमराईत एक रिटायर्ड हवालदार ओळखीचे झालेत, ते "डावा-उजवा" ओरडतात आणि हे ऐकतात. माझं ऐकत नव्हते.

झोप: एकऐवजी तीन-साडेतीनला जाग येते. उठून परत झोपतात, हे नवीन आहे. व्यायामाने की गोळीने, ते तिरकस यांनी ठरवावं. ओरडणं आहे तसंच आहे. मी पलंग वेगळा केलाय. दुपारी मात्र दोन-दोन तास झोपतात आणि उठवलं की चिडतात, त्यावरून रोज वाजतं.

तिरकस

दोन्ही एकदम बदलल्यावर कुणीच ठरवू शकत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर शोधत बसलो नसतो, दोन्ही चालू ठेवलं असतं.

हाडवैद्य

दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासात आटपा. गजर त्यांनाच लावायला सांगा, तुम्ही उठवू नका, म्हणजे भांडण मोबाईलशी होईल. दुपारी चार-साडेचारला पेंग येते तेव्हा खुर्चीत बसू न देता हातात काम द्या. पाना-पक्कड चालवलेला माणूस आहे, नटबोल्टचा डबा निवडायला द्या, बोटांचाही व्यायाम होईल.

आणि झोपण्याआधी दमवणारं काही नाही. फक्त पलंगावर पडून दुमडलेले गुडघे सावकाश डावी-उजवीकडे, घोटे गोल फिरवणं, खांदे मोकळे करणं, पाच-सात मिनिटं.

सावली

एक शेवटचं विचारते. यांचा पलंग आता भिंतीला चिकटवलाय, म्हणजे एका बाजूने तरी पडायची भीती नाही. ठीक आहे ना?

हाडवैद्य

भिंत कुठल्या हाताला येते? त्यांची उजवी बाजू जास्त आखडलेली आहे. उठताना कोणत्या कुशीवर वळून उठणं त्यांना सोपं जातं ते दिवसा दोन्हीकडून करून बघा आणि ती बाजू मोकळी ठेवा, दुसरी भिंतीकडे. भिंतीला जुनी गादी किंवा जाड गोधडी उभी लावा, लाथ भिंतीवर बसली तर बोटं मोडतात. आणि मोकळ्या बाजूला, पाय टेकतात तिथे सतरंजी नको. घसरते.